मदत हवी आहे: दहावीनंतर पदविका की बारावी?

माझी मुलगी यंदा 88 टक्क्यांनी दहावी उत्तीर्ण झाली असून तिला संगणक अभियंता व्हायचे आहे. बारावी विज्ञान करून एमएचटी-सीईटी द्यावी, की तंत्रनिकेतनातून 3 वर्षांची पदविका घेऊन तिच्या गुणांवर, सीईटीशिवाय, अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा, यावर घरात एकमत होत नाही. दोन्ही वाटांनी 6 वर्षेच लागतात, हे मी वहीत मांडून पाहिले. (तिच्या आजोबांना ते अजून पटलेले नाही.) मोबाइलवर पायथॉन ती आपणहून शिकते आहे, गणितात मात्र हात कच्चा आहे, आणि पदविकेच्या मुलांना दुसऱ्या वर्षाचे गणित जड जाते असे ऐकतो. या वाटेने गेलेल्यांनी ती तूट कशी भरून काढली आणि कॅम्पस मुलाखतींत काही अडचण आली का, हे कृपया सांगावे.