आधी एकट्याने जाऊन बोला
सोसायटीतल्या भांडणात ख्रिस्ती माणसाने गप्पच बसावं, असं काहीजण म्हणतात. पटत नाही. बोलावं, पण क्रमाने. बायबलच्या नव्या करारात, मत्तय 18:15-17 मध्ये, आधी एकट्याने भेटायला सांगितलंय, मग एकदोघांना घेऊन, मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, त्यानंतर. वचन मंडळीतल्या भावाबद्दल आहे, तरी शेजाऱ्यालाही हाच मान द्यायला हवा. मुंबईत पावसाळ्यात छत गळलं की फोटो थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. चारचौघांत लाज गेली की माणूस चूक मानत नाही, स्वतःला वाचवतो. त्यापेक्षा बेल वाजवा, ‘आमच्याकडे ओल आलीय, जरा येऊन बघता का?’ एवढंच म्हणा.

आणि घरकामाच्या मावशींचा पगार! बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय 19:13 प्रमाणे मजुरी रात्रभरही अडकवायची नाही. गावाला निघायचं असेल तर आदल्या दिवशीच हातात द्या.