बोटीवर जाण्यापूर्वी फिलिपिनो भाषा किती आणि कशी शिकावी?

तेरेखोलकाठ (पेडणे):
येत्या तीन महिन्यांत मी एका प्रवासी जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, रुजू होणार आहे. तेथील बहुतेक सहकारी फिलिपिनो असतील, असे सांगण्यात आले आहे. इंग्रजीवर काम भागेल, हे मला ठाऊक आहे; परंतु जेवणाच्या टेबलावर सगळे हसत असताना आपण मात्र मख्खपणे बसून राहावे, हे मला नको आहे. टागालोग आणि फिलिपिनो या दोन वेगळ्या भाषा आहेत का, आणि सुरुवात कोणत्या शब्दांपासून करावी?

निवृत्त तारवटी (वास्को):
मनिला परिसरातील टागालोग भाषेच्या पायावर फिलिपिनो उभी आहे आणि १९८७ च्या राज्यघटनेने तिला राष्ट्रभाषेचे स्थान दिले आहे. रोजच्या बोलण्यापुरत्या दोन्ही एकच समजाव्यात. इलोइलो किंवा सेबूकडचे सहकारी आपापसांत वेगळीच भाषा बोलताना आढळतील, त्याने गोंधळून जाऊ नये.

सर्वप्रथम 'पो' शिका. हा आदरदर्शक शब्द असून वडीलधाऱ्यांशी बोलताना तो वाक्यात यावाच लागतो. पहिल्या करारात मी वयस्क मुख्य आचाऱ्याला नुसते 'सालामात' (आभारी आहे) म्हणत असे. एके दिवशी त्याने हातातला डाव खाली ठेवला आणि 'सालामात पो' असे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. 'कुमाइन का ना?' म्हणजे आपले 'जेवलास का?', आणि तेही आपल्यासारखेच केवळ विचारपूस म्हणून विचारले जाते. वडील माणसाला मात्र 'कुमाइन ना पो बा कायो?' असे विचारावे, कारण 'कायो' हे आपल्या 'तुम्ही'प्रमाणे अनेकवचनही आहे आणि आदरार्थीही.

गॅलीत 'पाकि' हा उपसर्ग फार उपयोगी पडतो. 'पाकिआबोत पो नांग आसिन' म्हणजे कृपया मीठ इकडे द्या. शेतातले भात ते 'पालाय', कांडलेले तांदूळ ते 'बिगास' आणि शिजलेले शीत ते 'कानिन'. भाताच्या या तीन अवस्थांना इंग्रजीत 'राइस' हा एकच शब्द पुरतो. आपल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तो पुरत नाही.

मास्तरीणबाई (म्हापसा):
उच्चारांविषयी थोडे सांगते. वर्णमालेत आपण 'ङ' घोकतो, पण त्याने सुरू होणारा एकही शब्द वापरत नाही. फिलिपिनोत मात्र 'आत्ता' या अर्थाचा शब्दच 'ङायोन' असा आहे. 'रंग' म्हणताना ग पूर्वी जीभ जेथे टेकते, तेथूनच तो उच्चारावा. 'आपण' आणि 'आम्ही' यांत आपण जो भेद करतो, तोच तेथे 'तायो' आणि 'कामि' यांत आहे. समोरच्याला जेवायला बोलावताना 'काइन तायो' म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद मुद्दाम समजून घ्यावा लागतो. मराठी माणसाला तो आयताच मिळालेला असतो. 'गुरो' (शिक्षक), 'मुखा' (चेहरा) आणि 'आसा' (आशा) हे संस्कृतातून गेलेले शब्द तर ओळखीचेच वाटतील.

डिचोलीकर:
एक सावधगिरीची सूचना. घरी फोन करताना 'असो, असो' म्हणण्याची मला सवय होती. 'आसो' म्हणजे कुत्रा, त्यामुळे आमच्या घरी किती कुत्रे आहेत, असे खोलीतल्या सोबत्याने अखेर न राहवून विचारले.

तेरेखोलकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजपासून 'पो'चा सराव सुरू केला आहे. वयाने मोठ्या सहकारिणीला 'आते', म्हणजे ताई, म्हणतात असे आज वाचनात आले. आमच्याकडे आते ही वडिलांची बहीण असल्यामुळे तो शब्द जिभेवर रुळायला जरा वेळ लागेल.