बीएमडब्ल्यू 1 सिरीज एम कूपे: ड्राइव्हट्रेन किती टिकते, सुटे भाग मिळतात का? सल्ला हवा

रेडलाइन
नमस्कार मंडळी. 2011 ची एक 1एम घ्यायच्या विचारात आहे. सगळं मूळ आहे, कधीच ट्यून केलेली (म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदललेली) नाही, असं विकणारा सांगतो. मन कधीचंच तयार आहे, पण जगभरात मिळून 6,309 गाड्याच बनल्या हे वाचलं की पाय मागे येतो. उद्या टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला किंवा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) बोलायला लागलं तर भाग आणायचा कुठून? गाडी झाकून ठेवायची नाहीये, चालवायची आहे. ज्यांनी वापरली आहे किंवा उघडली आहे त्यांनी कृपया सांगा, घेण्याआधी नेमकं काय बघू?

काळेहात
6,309 हा आकडा पत्र्याचा, म्हणजे बॉडीचा आहे, इंजिनाचा नाही, हे आधी पक्कं करा. आत एन54 आहे: 2,979 सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, 340 पीएस. हेच घराणं 135आय, 335आय आणि झेड4 मध्ये ढिगाने विकलं गेलं. त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात, अजून बरीच वर्षं मिळतील. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड फोर्ज्ड (घडीव पोलादाचे) आहेत, खालचं काम दणकट. त्रास आहे तो आजूबाजूच्या सामानाचा.

हाय प्रेशर फ्युएल पंप बदनाम आहे. स्टार्टर बराच वेळ फिरतो, जोर दिला की गाडी एकदम मरगळते. पुढे सुधारित पंप आले, म्हणून कोणता पंप बसवलाय आणि कधी, ते बिलात बघा. पिएझो इंजेक्टर बदलले असतील तर प्रत्येकावर कोरलेला आकडा इंजिन कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर असूनही आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) बिघडतं. पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि बहुतेकदा काही न सांगता जातो. थर्मोस्टॅटसकट वेळेआधीच बदलून टाका.

पण मी सगळ्यात आधी बघेन ते ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट (सांध्यातून तेल गळू न देणारं सील). उष्णतेने ते कडक होतं, तेल झिरपतं आणि नेमकं खालच्या बेल्टवर पडतं. तेलकट बेल्ट पुलीवरून निसटला की त्याच्या चिंध्या क्रँक पुलीमागे ओढल्या जातात आणि पुढच्या ऑइल सीलमधून थेट इंजिनात शिरतात. मग संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून रबराचे धागे चिमट्याने वेचायचे. ऑइल पिकअपची जाळी तुंबली असेल तर बेअरिंगही गेलीच समजा. टॉर्च मारा. हाउसिंगखाली काळी ओलसर धूळ थापलेली दिसली तर काम होईपर्यंत गाडी चालवू नका.

तिसरागिअर
वरच्या प्रतिसादाला +1. थोडी भर. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचा मारा करून तो काढतात. कधी केलंय ते विचारा. टर्बोच्या वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणाऱ्या झडपेची) खडखड ॲक्सिलेटर सोडताना ऐकू येते. थोडी असेल तर चालते, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी पडल्याचा कोड आला तर टर्बो काढणं आलं.

आणि "कधीच ट्यून नाही" यावर विसंबू नका, सॉफ्टवेअर परत मूळ करता येतं. मूळ चार्ज पाइप (टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारी नळी) प्लास्टिकचा असतो, वाढवलेल्या बूस्टला तो फुटतो. तिथे ॲल्युमिनियमचा दिसला तर का बदलला हे स्पष्ट विचारा.

मागचंचाक
काळेहात यांचं बाकी सगळं पटतं, पण "भाग मिळतात" हे मागच्या अ‍ॅक्सलला तितक्या सहज लावू नका. तो आणि लॉकिंग डिफरन्शियल ई92 (त्या पिढीचं कंपनीचं सांकेतिक नाव) एम3 कडून आलेत, आणि त्या एम3 चं उत्पादन 2013 मध्येच थांबलं. गाड्या मुळातच 335आय पेक्षा खूप कमी, त्यामुळे जुन्या बाजारात चांगलं डिफरन्शियल शोधावं लागतं. भाग तसा भक्कम आहे. मरतो तो तेलाच्या हलगर्जीपणाने. लिमिटेड स्लिपचंच (म्हणजे अशा लॉकिंग डिफरन्शियलसाठीचंच) तेल हवं, आणि 2,000 किलोमीटरची रनिंग-इन सर्व्हिस, ज्यात हे तेल बदलतात, ती झाल्याची नोंद हवी. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. मागून कटकट आली तर आधी तेल बदलून बघा. तरी राहिली तर आतले क्लच झिजलेत.

रेडलाइन
मनापासून आभार. रनिंग-इन सर्व्हिसची नोंद आहे. फ्युएल पंप बदललाय, पण गॅस्केटचा उल्लेख कुठेच नाही. मग पत्र्याचं काय? पुढचा डावा फेंडर पुन्हा रंगवल्यासारखा वाटतो.

काळेहात
इथे थांबा. या गाडीत भीती बाळगायची ती याच जागेची. पुढचे-मागचे रुंद फेंडर आणि दोन्ही बंपर फक्त याच गाडीचे, साध्या 1 सिरीजचं काहीही बसत नाही. आरसे आणि 19 इंची चाकं एम3 सारखी, त्यांची काळजी नको. पुढचा फेंडर निदान बोल्टवर असतो, मागचा वेल्डवर. पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) घेऊन चारही कोपरे मोजा, आणि नुसता फेंडर रंगवलाय की त्यामागची आतली पट्टीही सरळ केलीय ते लिफ्टवर घेऊन बघा. व्हीआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे सात आकडे-अक्षरं घेऊन अधिकृत भाग विभागाकडे जा. फेंडर, बंपर आणि डिफरन्शियल आज ऑर्डर करता येतं का, हे सौद्याआधी लेखी घ्या.

तिसरागिअर
इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं हे विसरू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गप्पा मारून निघून या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.