अनुभव धागा: शाळेनं ‘मोबाईल घेऊन या’ म्हटलं, त्यानंतर काय झालं?

मार्च २०२०च्या आधी दप्तरात मोबाईल सापडला की तो हेडमास्तरांच्या कपाटात जायचा आणि बापाला बोलावणं जायचं. मग शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आम्हीच घरोघरी विचारत फिरलो, ‘स्मार्टफोन आहे का जी घरात?’ २३ नोव्हेंबर २०२०पासून जिल्ह्याजिल्ह्यात मागेपुढे नववी-दहावीचे वर्ग भरू लागले. पोरं परत आली, सोबत मोबाईलही आला. आता तो कुठे रीतसर परवानगीनं वर्गात आहे, कुठे बुटात लपवलेला आहे.

मोठ्या शहरांतल्या शाळांत याला बीवायओडी म्हणतात. ज्याचं त्यानं आपलं उपकरण आणायचं. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात असं नाव कोणी घेत नाही, पण प्रकार सुरू आहेच.

मोबाईल चांगला की वाईट हे भांडण इथे नको. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल आलंय की आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली ५७ टक्के होती आणि सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा दारूगोळा त्यात आहे, म्हणून तो इथेच संपवू. मला हवेत अनुभव. फोन कोणाचा होता, वर्गात नेमकं काय केलं, आणि संध्याकाळी घरी काय झालं. शाळेचं, माणसाचं नाव टाकू नका. वऱ्हाडी, झाडीबोली, जे तोंडात येईल त्यात लिहा.

विज्ञान शिक्षक, यवतमाळ जिल्हा

सुरुवात मीच करतो. नववीला ध्वनी शिकवताना फायफॉक्स नावाचं अ‍ॅप वापरलं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं, फुकट, आणि एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. फोनमध्ये जे सेन्सर आणि माईक असतात, त्यांचंच ते मोजमापाचं साधन करतं.

वऱ्हांड्यात टेपनं दहा मीटर मोजले. दोन टोकांना दोन फोन, दोन्हींत आवाजानं सुरू आणि आवाजानं बंद होणारं घड्याळ. पहिल्या फोनजवळच्या पोरीनं टाळी वाजवली, दोन्ही घड्याळं सुरू. मग दुसऱ्या फोनजवळच्या पोरानं वाजवली, दोन्ही बंद. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जाऊन दहा मीटर परत यायला लागणारा वेळ. पहिल्या खेपेला मैदानावरच्या पोट्ट्यांच्या आरड्यानंच घड्याळ सुरू झालं. दुसऱ्यांदा चिमणीनं घात केला. अख्खा वर्ग चिडीचूप बसला तेव्हा ०.०५७ सेकंद फरक आला. वीस भागिले ०.०५७, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५१ मीटर.

फळ्यावर मी ३४३ लिहून ठेवलं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, फळा चुकला का आपण चुकलो?’ ३४३ हा वेग २० अंशांच्या हवेतला. आमची मार्च अखेरची सकाळची शाळा, पारा ३५च्या घरात, आणि तापल्या हवेत ध्वनी वेगानं जातो. ३५ अंशांला गणितानं ३५२च्या आसपास येतं. इतकं जवळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं. दोन-तीन टक्के इकडेतिकडे व्हायला टाळीतली जराशी गडबडही पुरते. पण त्या दिवशी तापमानाचा मुद्दा मला ‘लक्षात ठेवा’ म्हणून सांगावा लागला नाही.

साठ पोरांना दोन फोन लागले. दोनच.

पालक, अकोला जिल्हा

(मी सांगून रायली, पोरगी टाईप करून रायली.) माह्या पोराले शाळेतून सांगतलं का उद्या मोबाईल आणजो. आमच्या घरात मोबाईल एकच. त्याच्यावरच मुकादमाचा फोन येते, कोणाच्या वावरात कापूस वेचाले जा लागते तो सांगते. पोरगा सकाऊन मोबाईल घेऊन गेला. मुकादमानं फोन केला तं तो वर्गात वाजला. सरानं बंद कराले लावला. ऑटो दुसऱ्या बाया भरून निंगून गेला. आमाले किलोवर पैसे भेटते, त्या दिवशीचे गेले ते गेलेच. पोराले मी काई बोलली नाई. सराचंबी काई चुकलं नसन. पण मोबाईल मांगाच्या आंधी इचारा तं सही, का बाई, हा मोबाईल दिवसा कोणाच्या कामाचा हाय?

धागाकर्ता

ताई, तुमच्या अनुभवासाठीच हा धागा काढला असं आता वाटतंय. आम्ही फॉर्मवर ‘घरी स्मार्टफोन आहे: होय / नाही’ एवढंच विचारतो. होयवर टिक झाली की शाळेच्या हिशेबी तो मुलाचा फोन. प्रत्यक्षात तो बापाच्या मजुरीचा, बँकेच्या मेसेजचा आणि रात्री उरला तर दहावीच्या अभ्यासाचा.

मुख्याध्यापक, बुलडाणा जिल्हा

आमच्याकडे वर्गाच्या दाराशी कापडी खिशांचा पडदा टांगला आहे. गावातल्या शिंप्याकडून जुन्या गणवेशाच्या कापडाचा शिवून घेतला, प्रत्येक खिशावर हजेरीचा क्रमांक. आत येताना फोन खिशात, तासाला लागला तर बाहेर, तास संपला की परत. पालकाची सही असल्याशिवाय फोन आणायचा नाही, असा ठराव शिक्षक-पालक संघात केला.

तरी एक फोन फुटला. पडद्यावरून काढताना दोघांची ओढाताण झाली. भरून कोण देणार? ज्याच्या हातून पडला त्याचा बाप म्हणे, शाळेनंच तर आणायला सांगितलं होतं. ज्याचा फुटला त्याचा बाप दोन दिवस शाळेच्या फाटकाशी येऊन बसला. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी केली. असल्या खर्चाला कुठलं हेड नसतं. सरकारी माहिती भरायला आम्ही स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरतो, त्याला तरी कुठे आहे म्हणा.

मराठीच्या मॅडम, वरूड तालुका

नववीला ‘आमच्या गावचा पोळा’ निबंध दिला. घरून लिहून आणा म्हटलं. बऱ्याच वह्यांत पहिलं वाक्य एकच, ‘पोळा हा शेतकऱ्यांच्या जीवनातील कृतज्ञतेचे प्रतीक असलेला महत्त्वपूर्ण सण आहे.’ काना-मात्रेचीही चूक नाही. ज्या पोराला एरवी ‘आणि’चा ण कोणता ते आठवत नाही, त्याच्या वहीत ‘महत्त्वपूर्ण’ दोन तसह! कोणाच्याच गावात खांदशेकणी नाही, बैलाला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणं नाही, तान्हा पोळा नाही, पोळ्याला म्हणतात त्या गावठी झडत्या नाहीत. मोबाईलला सांगितलं, त्यानं लिहून दिलं.

ओरडले नाही. म्हटलं, मोबाईल वापरलाच आहे तर नीट वापरा. घरच्या म्हाताऱ्यांकडून झडत्या रेकॉर्ड करून आणा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी फोन असलेल्याच्या घरी आपल्या आजोबांना घेऊन जा. दुसऱ्या आठवड्यात वर्गात वाजवल्या. एक झडती तर इतकी चावट निघाली की मी घाईघाईनं बंद केली, आणि पोरं म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरी तं सगळ्यांनी ऐकली जी!’ मग प्रत्येकानं आपली झडती ऐकून-थांबवून कागदावर उतरवली. त्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात. शुद्धलेखन भयंकर आहे.

दहावीची विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा

मी मानव विकासच्या निळ्या बसनं येते. बस चुकली तर घरी कळवायला फोन पाहिजे, पण फोन दादाकडे. तो बारावीनंतर घरीच आहे. बाबा म्हणतात, पोरीजवळ मोबाईल दिसला की गाव बोलते. सर ज्या दिवशी मोबाईल आणा म्हणतात, त्या दिवशी आमच्या वर्गात मुलांच्या बाजूला फोन असतात आणि आम्ही मुली दोघी-तिघींत एक घेऊन बसतो. पुस्तकातले क्यूआर कोड मी रात्री आईच्या फोनवर बघते. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपवर आधी डाउनलोड करून ठेवता येतं, त्यामुळे लाईन गेली तरी चालते. इतिहासाचं नको वाटतं, भूमितीचं चांगलं आहे.

शिक्षक, भामरागडकडचा

थोडक्यात लिहितो, रेंज आहे तोवर. निवासी शाळा, मुलांकडे फोन नाहीतच. माझाच टीव्हीला जोडतो. तालुक्याला गेलो की दीक्षावरचं डाउनलोड करून आणतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की तेच तेच परत. पोरांना पाठ झालंय.

अकरावी सायन्स, भंडारा जिल्हा

मला महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचा टॅब मिळाला. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या मुलांना सीईटी, जेईई, नीटच्या तयारीसाठी देतात, सोबत रोजचा ६ जीबी डेटा. आधी वाटलं कॉलेजात नेऊन मिरवू. पण ऑनलाईन क्लास घरी, त्यामुळे तो घरीच राहतो. सध्या सगळ्यात जास्त वापरते माझी आठवीतली बहीण, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून सोडवते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. सध्या मी पीडीएफ छापून वापरतोय आणि टॅब तिच्याकडे आहे!

मोबाईल दुरुस्तीवाला, पुसद

आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हाच पेरणीचाही खर्च असते. त्याच आठवड्यात माणसं दुकानात येऊन म्हणतात, ‘पोराच्या शाळेले लागते, हप्त्यावर द्या.’ मी विचारतो, शाळेनं लेखी सांगितलं का? बहुतेक वेळा पोरानंच सांगितलेलं असते. सर लोकांना विनंती, काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून देत जा. मोजमापाच्या अ‍ॅपला नवा फोन कायले? फोल्डरला, म्हणजे समोरच्या डिस्प्लेला तडा गेलेला, सिम नसलेला जुना फोनही ते काम करते.

विज्ञान शिक्षक, यवतमाळ जिल्हा

भाऊ, हीच गोष्ट मला पटली. गावात घरटी एक तरी असा फोन कपाटात पडलेला असतो. पाच-सहा जमले तर ते शाळेचेच राहतील, कोणाचा मुकादम त्यावर फोन करणार नाही. पुढच्या पालक सभेत मागून पाहतो.

मोबाईल दुरुस्तीवाला, पुसद

मागा. पण मागची बाजू फुगलेली दिसली तर तो फोन घेऊच नका सर, आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका. बॅटरी गेलेली असते, उन्हात पेट घेऊ शकते. आधी माझ्याकडं पाठवा, बघायचे पैसे घेत नाही.