मदत हवी आहे : १९८५ च्या मारुती ८०० च्या मागच्या दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा

नमस्कार.

आमच्या घरी १९८५ साली घेतलेली मारुती ८०० आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि १९८६ मध्ये नव्या आकाराची गाडी येईपर्यंत बनत राहिलेल्या पहिल्या मॉडेलची ही गाडी वडिलांनी आजवर पुण्यातच चालवली आणि फार निगुतीने सांभाळली. इंजिन उत्तम आहे, पत्र्याचे आणि रंगाचे कामही नुकतेच मनासारखे झाले. मात्र ताज्या रंगामुळे मागचे दोन्ही दिवे आता अधिकच जुनाट दिसू लागले आहेत, आणि त्यांना हात लावण्यापूर्वी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

दिव्यांच्या काचा, म्हणजे अर्थातच प्लास्टिकच्या, कुठेही फुटलेल्या नाहीत. लाल भाग विटकरी दिसतो, इंडिकेटरच्या केशरी भागावर तपकिरी झाक आली आहे आणि रिव्हर्सच्या दिव्याचा पांढरा भाग चहाच्या डागासारखा पिवळा पडला आहे. उजव्या दिव्यात लाल आणि पांढऱ्या भागांच्या जोडावर एक बारीक रेघ दिसते आणि पावसाळ्यात त्याच बाजूने आत दमटपणा धरतो. रबराचे पॅकिंग कडक होऊन तुटले आहे.

नवीन काचा बसवाव्यात, असे अनेकांनी सुचवले. परंतु नंतरच्या मॉडेलचे दिवे या गाडीत बसत नाहीत. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली, जुन्या बाजारातही शोध घेतला, तेव्हा एका ठिकाणी नकली जोडी पाहायला मिळाली. मूळ काचेच्या आतल्या बाजूस प्रकाश पसरवणारी जी बारीक नक्षी असते, ती त्या जोडीत इतकी उथळ होती की ब्रेकचा दिवा लावल्यावर बल्बचा ठिपका तेवढा दिसला असता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आमची गाडी २०३५ मध्ये त्या वयाची होईल आणि तोवर तिचे शक्य तितके भाग मूळचेच राहावेत, अशी वडिलांची मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले परस्परविरोधी आहेत. एका गॅरेजमध्ये थिनरने पुसून वर लॅकर मारायला सांगितले. एका परिचितांनी टूथपेस्टने घासावे असे म्हटले. जुन्या संगणकांची पिवळी पडलेली खोकी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यावर पांढरी होतात, तोच उपाय येथे करावा, असेही वाचनात आले. हेडलाइट उजळण्याचे तयार किट तर सर्वत्र मिळते. माझा मुख्य प्रश्न असा की, हा पिवळेपणा पृष्ठभागावरचा आहे की प्लास्टिकच्या आत मुरलेला, हे कसे ओळखावे, आणि यांपैकी कोणता उपाय अशा जुन्या काचांना अपाय करणार नाही?

प्रतिसाद

तुम्ही काही करण्याआधी विचारलेत, हे फार चांगले झाले. थिनर त्या काचांच्या जवळही नेऊ नका.

हेडलाइट आणि टेललाइट यांचे प्लास्टिक वेगळे असते, आणि सगळ्या सल्ल्यांचा घोळ येथेच होतो. अलीकडच्या गाड्यांचे हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यांच्यावर कारखान्यातच एक संरक्षक थर दिलेला असतो, उन्हाने तो जातो आणि मग खालचे प्लास्टिक पिवळे पडते. किट त्यासाठी बनवलेले आहे. तुमच्या गाडीचे हेडलाइट तर खऱ्या काचेचे आहेत. मागच्या दिव्यांच्या काचा मात्र बहुतेक सर्वच जुन्या गाड्यांत ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिक उन्हाला चांगले टिकते. त्याला वैर आहे ते द्रावकांशी. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, इतकेच काय स्पिरिट आणि अमोनिया असलेला काच पुसण्याचा फवारासुद्धा त्यात बारीक तड्यांचे जाळे उठवू शकतो, आणि हे तडे पृष्ठभागाखाली जात असल्यामुळे पॉलिशने भरून निघत नाहीत. लॅकरमध्येही द्रावक असतोच. शिवाय ॲक्रिलिकला वरून थर देण्याची मुळात गरज नसते. पेरॉक्साइडचा उपाय संगणकांच्या खोक्यांपुरता, म्हणजे एबीएस प्लास्टिकपुरता ठीक आहे; येथे त्याचा उपयोग नाही.

आता पिवळेपणा कुठला, ते पाहू. काचा उतरवून कोमट पाण्यात भांडी घासण्याचे थोडे द्रव मिसळून मऊ ब्रशने आतून-बाहेरून धुवा. आतल्या नक्षीत धूळ आणि बल्बच्या उष्णतेने भाजलेला मळ इतका साचलेला असतो की पुष्कळदा अर्धा पिवळेपणा धुण्यातच निघून जातो. त्यानंतर काच कोरडी करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बाहेरच्या बाजूला बोटाने पाणी लावा. ओली असताना ती स्वच्छ व पारदर्शक दिसली, तर दोष पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा आहे आणि तो घासून जाईल. ओली असतानाही पिवळीच राहिली, तर पिवळेपणा आत मुरलेला आहे आणि कितीही घासले तरी तो जाणार नाही. बल्बच्या अगदी समोर तपकिरी गोल दिसत असेल, तर ते उष्णतेचे काम आहे. कोणी कधी ठरलेल्या २१ वॅटपेक्षा मोठा बल्ब बसवला होता का, हे वडिलांना जरूर विचारा.

घासायचे झाल्यास वॉटर पेपर १५०० नंबरपासून सुरू करा, ओरखडे खोल असतील तरच १००० घ्या, आणि पुढे २०००, ३००० असे जा. कागद आणि काच दोन्ही सतत ओली ठेवा आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळते. काचेवरची उठावाची अक्षरे चिकटपट्टीने झाका. ती एकदा गेली की परत येत नाहीत. आतल्या बाजूला कागद अजिबात लावू नका. शेवटी रबिंग कंपाउंड आणि बारीक पॉलिश सुती कापडाने, हातानेच करा. मशीन वापरायचेच असेल, तर अत्यंत कमी वेगावर, कारण ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडे वर मऊ होऊ लागते आणि फिरणारे पॅड एका जागी टेकले की तेवढे तापमान लगेच गाठते. टूथपेस्ट म्हणजे तरी सौम्य पॉलिशच. चमक येते, पण ओरखडे तसेच राहतात. वॉटर पेपर आणि पॉलिश दोन्ही बोहरी आळीत मिळतील.

जोडावरच्या रेघेसाठी ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडे जा. ते लोक क्लोरोफॉर्मचा एखादा थेंब सुईने जोडात सोडतात, तो आपोआप फटीत शिरतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. थेंब बाहेर ओघळला तर तिथे कायमचा डाग पडतो आणि वाफाही घातक असतात, म्हणून हे घरी करू नये. पॅकिंगसाठी बंद छिद्रांचा फोम कापून घ्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे बसवा आणि हातानेच, बेताने आवळा; जुन्या काचांना तडे बहुधा स्क्रू जास्त आवळल्यामुळेच जातात.

धागाकर्त्याचे उत्तर

काका, मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काचा धुतल्या आणि पाण्याची परीक्षा केली. लाल आणि केशरी भाग ओले होताच जवळजवळ मूळ रंगाचे दिसतात, त्यामुळे ते घासून निघतील याची खात्री पटली. पांढरा भाग मात्र दोन्ही दिव्यांत ओला असतानाही पिवळाच राहतो. रिव्हर्सचा प्रकाश पांढराच असायला हवा, म्हणून तो भाग तसाच ठेवणे मला योग्य वाटत नाही. मोठ्या बल्बविषयी वडिलांना विचारले. त्यांना तसे काही आठवत नाही.

त्यामुळे आता माझी विनंती नेमकी झाली आहे. १९८६ पूर्वीच्या मारुती ८०० चा फुटका किंवा निकामी मागचा दिवा कोणाकडे पडून असेल आणि त्याचा पांढरा भाग शाबूत असेल, तर कृपया कळवावे. लाल भाग तुटलेला असला तरी चालेल. पांढरा तुकडा कापून आमच्या काचेत जोडून देण्याची तयारी पाट्या करणाऱ्या एका कारागिरांनी दाखवली आहे, मात्र तुकडा त्याच मॉडेलचा आणि आतली नक्षी तीच असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड परिसरात मी स्वतः येऊन घेऊन जाईन.