जुना पीसी रिस्टोअर होत नाही, विंडोज परत टाकायचं आहे. अर्जंट!

आर्णी_झेरॉक्स: नमस्कार मंडळी. दुकानातला पीसी सोमवारपासून बंद. चालू केला की निळी स्क्रीन, 'ऑटोमॅटिक रिपेअर', मग परत तेच. रिसेट मारलं तर 'देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युअर पीसी'. एफ११ दाबून कंपनीची रिकव्हरी काढायला गेलो तर काहीच येत नाही. इकडे पीकविम्याची गर्दी, लोक सातबारा घेऊन ओट्यावर बसलेत. लवकर सांगा.

वर्धेवाला: मॉडेल? रॅम? विंडोज कोणतं? आम्ही का ज्योतिषी हाओत बाप्पा?

आर्णी_झेरॉक्स: विंडोज १०, रॅम ४ जीबी. २०१३ चा डेस्कटॉप आहे, तेव्हा विंडोज ८ होतं. बाकी मस्त चालतो.

पेंग्विनप्रेमी: विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई वालं, म्हणजे हलकं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते तुमच्या डब्यात नसणार. मी गेली कित्येक वर्षं विंडोजला हात लावलेला नाही.

आर्णी_झेरॉक्स: थम्बचं मशीन आहे भाऊ. सगळं त्याच्यावरच.

वर्धेवाला: मग लिनक्स विसरा. मी पण ते मशीन मिंटवर चालवायला बसलो होतो, शेवटी मुकाट विंडोज टाकलं.

पेंग्विनप्रेमी: ड्रायव्हर कंपनीने दिला नाही तर तो लिनक्सचा दोष कसा?

वर्धेवाला: दोष कोणाचा का असेना, ओट्यावरच्या माणसाचा अंगठा लागला पायजे.

पुणेरी_बिट: एफ११ ने काहीच न येणं विचित्र आहे. रिकव्हरी हार्ड डिस्कच्या लपवलेल्या भागात असते. डिस्क मूळचीच आहे ना?

आर्णी_झेरॉक्स: नाही, मागच्या वर्षी तालुक्याच्या दुकानातून बदलून घेतली. एसएसडी टाकली, १० पण त्यांनीच टाकलं. त्याचा काय संबंध?

वर्धेवाला: हे आता सांगून रायले का राजेहो!

पुणेरी_बिट: कंपनीची रिकव्हरी जुन्या डिस्कवर होती, तिच्यासोबतच गेली. आणि ती सापडली तरी विंडोज ८ च परत येईल, म्हणून नाद सोडा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर १० ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा आणि रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवा. ८ जीबीचा पुरतो.

आर्णी_झेरॉक्स: ते भाच्याने केलं. ड्राइव्ह निवडायच्या पानावर म्हणतो, 'सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल', ईएफआय सिस्टीमवर जीपीटीच पाहिजे. पुढे जाऊ देत नाही.

गावगाडा_७७: सोपं आहे. एमबीआर ही डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत, जीपीटी नवी; ईएफआय म्हणजे पीसी सुरू करायची नवी पद्धत. त्याच पानावर शिफ्ट-एफ१० दाबा, काळी खिडकी येईल. एकेक टाइप करून एंटर मारा: डिस्कपार्ट, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन. दोन मिनिटांचं काम.

पुणेरी_बिट: थांबा, क्लीन मारू नका! पूर्ण डिस्कचं पार्टिशन टेबल उडेल, सी आणि डी दोन्ही. आर्णीवाले, डेटा कुठे आहे?

आर्णी_झेरॉक्स: डेस्कटॉपवर. ग्राहकांच्या पीडीएफ, उधारीची एक्सेल, सगळं. ते तर राहीलच ना?

गावगाडा_७७: मला काय माहीत डेटा आहे म्हणून. विचारलं ते सांगितलं.

वर्धेवाला: एक चांगली युक्ती सांगतो. शिफ्ट-एफ१० च्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप करा, फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. सगळे ड्राइव्ह दिसतात. यूजर्सच्या फोल्डरात डेस्कटॉप शोधा, राइट क्लिक करून कॉपी, दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये पेस्ट. अक्षरं बदललेली असतात, सी तिथे डी पण दिसेल, घाबरू नका.

पेंग्विनप्रेमी: किंवा मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, इन्स्टॉल न करता सगळं कॉपी होतं. बघा, शेवटी लिनक्सच लागतं.

पुणेरी_बिट: डेटा निघाल्यावर रूफसमध्ये पार्टिशन स्कीम 'एमबीआर' ठेवून पेनड्राइव्ह परत बनवा. बायोसमध्ये (पीसीची मूळ सेटिंग) लेगसी सपोर्ट, म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत, चालू करा. बूट मेनूत (कशावरून सुरू करायचं त्या यादीत) पेनड्राइव्ह दोनदा दिसेल. ज्याच्या पुढे 'यूईएफआय' (तेच ईएफआय) नाही तो घ्या. मग एमबीआरची तक्रार येणार नाही, आणि फक्त सी फॉरमॅट करता येईल, डी तसाच राहील. प्रॉडक्ट की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' दाबा. तालुक्यात टाकलेलं १० ॲक्टिव्हेट असेल तर तीच आवृत्ती निवडा, नेट लागल्यावर आपोआप होतं.

संत्रानगरी: एवढी डोकेफोड काहून? सीताबर्डीत सेकंडहँड लॅपटॉप मिळतात ढिगाने. एक दिवस नागपूरला जाऊन या.

आर्णी_झेरॉक्स: पैसे तुम्ही देता का?

गावगाडा_७७: एक विचारतो, घड्याळ बरोबर दाखवतो का? तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल गेला. सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. तारीख चुकली की सरकारी साइटी उघडत नाहीत, सर्टिफिकेटचा एरर येतो.

वर्धेवाला: हे मात्र बरोबर बोलला गडी. आमच्याकडे लाइन रोज जाते, बोर्डाचं बटण बंद केलं की सेलवरच भार.

आर्णी_झेरॉक्स: नोटपॅडवाली युक्ती जमली! उधारी निघाली. पीडीएफ कॉपी होत आहेत, बऱ्याच आहेत. लेगसी कुठे सापडेल? 'सिक्युअर बूट' असं काहीतरी दिसतंय.

पुणेरी_बिट: त्याच पानावर. सिक्युअर बूट म्हणजे मान्य नसलेलं काही सुरू होऊ न देणारं कुलूप. आधी ते डिसेबल, मग लेगसी एनेबल. सेव्ह केल्यावर काही मशीन चार आकडी कोड टाइप करायला सांगतात, तो टाकून एंटर मारा.

पांढरकवडा_९: माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, फक्त पीसी चालू आहे आणि प्रिंटर कोरा कागद सोडतो. काय करू?

वर्धेवाला: सेम कुठून झाला बाप्पा. वेगळा धागा काढा. आणि मॉडेल पहिलेच लिहा.