वांदे, १७९३ : गढीवाले पुढे झाले की त्यांना ओढलं?

रानवाट :
फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, पश्चिम फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या दक्षिणेला मार्च १७९३ मध्ये क्रांती सरकारच्या लष्करभरतीवरून खेडी पेटली. (प्रांताचं नाव वांदे. मराठीत ते चपखल बसतं, हा निव्वळ योगायोग.) राजनिष्ठ सरदारांनी भोळ्या शेतकऱ्यांना चिथावलं, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही.

आधी भरतीची पद्धत बघा. २४ फेब्रुवारीच्या हुकुमानं ३ लाख माणसं मागितली. वय १८ ते ४०, अविवाहित किंवा निपुत्रिक विधुर. आकडा प्रांताकडून जिल्ह्याला आणि तिथून गावाला वाटून यायचा. तीन दिवस वही उघडी ठेवायची, स्वखुशीनं नावं येतील तेवढी घ्यायची. कमी पडली तर उरलेली कशी निवडायची ते गावानं बहुमतानं ठरवायचं. बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्याच टाकल्या. बदली माणूस देता येई, पण त्याचा साजसरंजाम स्वतःच्या खर्चानं.

गोची पुढे आहे. सरकारी पदाधिकाऱ्यांना भरती माफ होती. क्रांतीनं जप्त केलेली चर्चची जमीन लिलावात घेतलेला शहरी गृहस्थ पद सांभाळून याद्या करणार, आणि त्याची स्वतःची चिठ्ठी डब्यात नाही! १२ मार्चला सां-फ्लोरां गावात पोरांनी सोडत उधळली, कचेरीतले कागद जाळले. दुसऱ्या दिवशी पुढे आलेला कातलिनो फेरीवाला होता, स्तोफ्ले शिकारखान्याचा राखणदार. देल्बे, बोंशां, शारेत या सरदारांच्या दारात लोक नंतर गेले, कवायत जाणणारा कोणीतरी हवा म्हणून.

तोफखाना :
ठिणगी शेतकऱ्यांची, मान्य. पण ‘ओढलं’ म्हणजे फारच झालं. ला रोशजाक्लँ हा सरदार २० वर्षांचा, अविवाहित, म्हणजे सोडतीच्या वयात तोही बसत होता. तो एप्रिलमध्ये आपणहून उतरला. शेजारच्या ब्रिटनीत तर ला रुएरी या सरदाराचा राजनिष्ठ कट १७९१ पासून शिजत होता. जमीन भिजलेली होती हो.

रानवाट :
ला रुएरी जानेवारी १७९३ मध्येच वारला, आणि त्याचं जाळं नदीच्या उत्तरेला. दक्षिणेच्या खेड्यांना त्याचा काय उपयोग?

घंटानाद :
सेनापती कोणीही असो, फौज कोणाची होती ते बघा. चर्चची घंटा वाजली की माणसं स्वतःची भाकरी बांधून यायची, तीन-चार दिवस लढायची आणि घरी जायची. गुरं, पेरणी, धुतलेला सदरा. ९ जूनला सोम्यूर जिंकलं, पण तिथं शिबंदी टिकेना. ला रोशजाक्लँजवळ शेवटी मोजकीच माणसं उरली आणि शहर सोडावं लागलं. २९ जूनला नांतवर हल्ला झाला, कातलिनोला गोळी लागली आणि जमाव फुटला. पगार नाही, कोठार नाही, हजेरीपट नाही. हुकूम सोडणार कोणाला?

तोफखाना :
म्हणजे पकड नव्हती. जबाबदारी तर होती?

रानवाट :
जबाबदारी कायद्यानंच गळ्यात घातली. १९ मार्चचा हुकूम वाचा. हत्यारासह सापडला त्याला २४ तासांत मृत्यू. पण त्यातच बंडात सापडलेले पाद्री, माजी सरदार आणि त्यांचे कारभारी-नोकर यांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांना मृत्यूच. साध्या शेतकऱ्याला निसटायला फट होती, गढीवाल्याला नव्हती. नाही म्हणावं तर दारात जमाव, हो म्हणावं तर फाशी.

परिणाम वर्षभरात दिसला. बोंशां ऑक्टोबरात मेला, लेस्क्यूर हा आणखी एक सरदार नोव्हेंबरात. देल्बे इतका जखमी होता की जानेवारी १७९४ मध्ये त्याला खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात ला रोशजाक्लँही गेला. पाठोपाठ सरकारी सेनापती त्युरोच्या पथकांनी गढी आणि झोपडी एकाच काडीनं जाळली.

घंटानाद :
तह विसरू नका. १७ फेब्रुवारी १७९५, ला जोने इथं, बंडखोर आणि सरकार यांच्यात. मिळालं काय? भरतीतून सूट, क्रांतीची शपथ नाकारलेले आपले पाद्री, जळल्या घरांची भरपाई. राजा त्यात नाही. शारेतनं सही केली आणि जूनमध्ये पुन्हा तलवार उपसली, राजासाठी. या खेपेला त्याच्यामागची माणसं गळत गेली, आणि २९ मार्च १७९६ ला नांतमध्ये त्याला गोळ्या घातल्या.